हद्दीवर काढलेली जॅकेटं

तालुक्याच्या उत्तरेला धरण झाले आणि बायकोचे माहेर पाण्यापलीकडे, मध्य प्रदेशात राहिले. मधला रस्ता बुडाला. सडकेने फेरा अठ्ठेचाळीस किलोमीटरचा, होडीने जेमतेम अडीच.

होडीला परवाना ज्या-त्या राज्याचा. बुडालेल्या एका मोहाच्या झाडाचा वाळका शेंडा पाण्यावर दिसे, ती हद्द मानत. तिकडची होडी तिथवर येई, इकडची तिथवर जाई, आणि माणसे भर पाण्यात एकीतून दुसरीत पाय टाकत. एका होडीत आठच माणसे, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, हे दोन्हीकडे सारखे. पण जॅकेट होडीचे. ते काढून ठेवायचे, पाय टाकायचा आणि पलीकडे गेल्यावर दुसरे घालायचे. एकदा एक जॅकेट कमी भरले म्हणून आमच्या नावाड्याची होडी पंधरा दिवस बंद ठेवली होती.

पावसाळ्याच्या शेवटी सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले. तिकडे नाल्याच्या पुराने सडक बंद होती. बायकोचा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "होडीनं आणतो, तुमी अर्ध्यात या." जीप काठावर उभी करून बायको तिथेच थांबली. मी नावाड्याबरोबर निघालो.

मोहाजवळ दोन्ही होड्या लागल्या तेव्हा वारा सुटला होता. सासऱ्यांना उभे राहवत नव्हते. मी म्हणालो, "जॅकेटं राहू द्या अंगावर. मी परत आणून देतो."

तिकडचा नावाडी म्हणाला, "बाबूजी, पिछली बार भी एक ऐसा ही बोलके गया. गिनती में कम पड़ा तो नाव किसकी बंद होगी? आपकी?"

"माही बी तीच गत हाय," आमचा नावाडी म्हणाला.

साळा हसला. "भाऊजी, पान्यावर बी तुमचा हिसाब सुटत नाही! दोन मिनिटाचं काम. बाबाले पकडा."

त्याने आधी वडिलांचे जॅकेट काढले, मग स्वतःचे. त्याला पोहता येत नव्हते. गावाजवळ पाणी आले तेव्हा तो बाप्या झाला होता, पोरांसारखा पोहायला शिकला नाही.

मी सासऱ्यांच्या काखेत हात घातले, त्याने पाय धरले. त्याचा एक पाय तिकडच्या होडीत, एक आमच्या होडीच्या काठावर. सासरे आमच्या होडीत टेकले, त्याच क्षणी होड्या फाकल्या आणि तो मधल्या फटीत गेला. लगेच होड्या पुन्हा एकमेकींवर आदळल्या.

आमच्या नावाड्याने उडी घेतली. तिकडच्याने आणि मी हाताला लागतील ती जॅकेटं पाण्यात फेकली. तेव्हा ती कोणी मोजली नाहीत. खाली जुन्या झाडांच्या फांद्या होत्या. नावाडी तीनदा वर आला, रिकाम्या हाताने.

सासरे छाती धरून कण्हत होते. "होडी काठाला घे," मी म्हणालो.

"आनि तो?"

"घे म्हणतो ना."

काठावर बायकोने आधी वडिलांकडे पाहिले, मग माझ्या मागे. "भाऊ कुठं हाय?" मी जीपचे दार उघडले.

तो दुसऱ्या दिवशी सापडला. दोन्हीकडचे पोलीस आले. पंचनाम्यात माणसे नियमापेक्षा कमी होती. तरंगत गेलेली जॅकेटंही गोळा झाली आणि दोन्ही होड्यांची पूर्ण भरली. नियम कोणीच मोडला नव्हता. मीही सही केली, कारण लिहिले होते ते खरेच होते.

सासरे वाचले. आता आमच्याकडेच असतात. त्या दिवशीचे त्यांना फार आठवत नाही. एकदाच, जेवता जेवता, त्यांनी विचारले, "माहे पाय त्यानं मधातच सोडले होते का?"

"नाही," मी सांगितले. "तुम्ही होडीत टेकेपर्यंत तो धरून होता."

त्यांनी मान हलवली आणि भात कालवत बसले. दोन्ही हात मोकळे असते, तर त्याला होडीचा काठ धरता आला असता. हे मी त्यांना सांगितले नाही.