उत्पन्नाच्या रकान्यातले मेहुणे

नरडाण्याच्या एका कारखान्यात बॉयलर फुटून माझे मेहुणे गेले. अक्का, माझी थोरली बहीण, तेव्हा चाळिशीची होती. सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगी बारावीत. नुकसानभरपाई मिळाली ती अक्काने सासूच्या औषधपाण्यासाठी आणि मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवली. घर चालवायला ती लोकांकडे भाकरी करायला जाई.

निराधार योजनेचा अर्ज मी भरला. मी शाळेत शिकवते. खोटं कशाला लिहायचं, म्हणून भरपाईची रक्कमही उत्पन्नात मांडली.

तहसील कचेरीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "यांचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातं, ताई."

अक्का कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी टेबलाची कड धरून आमच्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, ही कमाई नही शे. मना घरना माणूस गया, तेना पैसा शेतस."

कारकुनाने मान खाली घातली. "कळतं मला अक्का. पण कागदावर ते उत्पन्नच दिसतं."

बाहेर येऊन मी तिची माफी मागितली. "तू खरं तेच लिहिलंस," ती म्हणाली, आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून धुळ्यापर्यंत रडत राहिली.

दोन वर्षांत सासूच्या दवाखान्यात भरपाईचे पैसे संपले. सासूही गेली. मग पुन्हा केलेला अर्ज लगेच मंजूर झाला. पहिला हप्ता जमा झाला तेव्हा अक्काने मला फोन केला.

"आते मी कागदवर बी निराधार शे," ती म्हणाली.