सरकीच्या ढिगाखालचे सर

सर दोन्ही हात पसरायचे आणि म्हणायचे, "येऊ दे!" सुटलेली बकरी असो, ब्रेक नसलेली सायकल असो, की उंबऱ्यावरून धडपडत येणारं पोर असो. आधी हात पसरायचे, मग काय येतंय ते पाहायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक वेळा त्यांनाच लागतं.

वाशीमच्या एका कॉलेजात ते खेळाचे सर होते. मी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातून निघालेल्या सरकीचा आम्ही बाया अंगणात ढीग लावायचो, घराएवढा उंच. सत्तर सालानंतरची गोष्ट. एक दिवस सर आमच्या शेठजींपुढे येऊन उभे राहिले.

"शेठजी, तुमचा ढीग पायजे."

"इकत घेता काय, मास्तर?"

"नाही. घसराले."

उत्तरेकडे बर्फाच्या पहाडात कॉलेजच्या पोरांची देशभराची स्पर्धा नुकतीच सुरू झाली होती. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या आणि उतारावरून उभ्याने घसरत यायचं. सर फौजेत जवान असताना तिकडे राहून ते शिकून आले होते. प्रिन्सिपलनी सांगितलं होतं, पोरगा शर्यत संपते त्या खालच्या दोरीपर्यंत उभा पोचला तर पुढच्या वर्षीही पाठवू, नाही तर हे खूळ बंद.

मी विचारलं, "काहून वो सर, वाशीमच्या पोराले बरफ कायले पायजे?"

"कायलेच नाही, बाई. पन बोलावनं आलं तर आपनच नाही कायले म्हनाव?"

शेठजींनी ढीग दिला.

बुरडाने बांबू चिरून पट्ट्या केल्या आणि विस्तवावर धरून टोकं वाकवली. पोरांनी खालून मेणबत्ती घासली. कोणाचं हाड मोडू नये म्हणून सरांनी ढिगाच्या पायथ्याशी खराब रुई टाकून घेतली. पोरं वरून यायची आणि रुईत जाऊन रुतायची. शेजारी उभे राहून सर ओरडायचे, "बसू नको! बसला का बाद!" अंगाला खाज सुटते म्हणून बाकीची पोरं आठवड्यात पळाली. किन्हीराजा गावचा एक राहिला. काळा, काटकुळा, हट्टी.

सर आणि तो पोरगा, दोघांनाच गाडीत बसवून दिलं. आम्ही बाया पैज लावून बसलो होतो. मी म्हटलं होतं, पोरगं पडते.

पुढचं त्या पोरानेच जिनिंगमध्ये येऊन सांगितलं. वरून तो नीट निघाला. पहाडातली पोरं भराभर पुढे गेली. हा सगळ्यांच्या मागून, पण उभा, दोरीच्या पार आला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला थांबता येत नाही. वाशीमला रुई थांबवायची. इथे समोर दगडाची भिंत होती. बसून थांबायची तर सवयच नव्हती.

"मंग?"

"मंग काय, मावशी! सर आले ना मधात. हात पसरून. येऊ दे, म्हने."

पोराला खरचटलंही नाही. सरांचा गुडघा गेला.

काठी टेकत परत आले तेव्हा मी म्हटलं, "तुमचंच चुकलं. रुई टाकाले कोनी सांगतलं होतं?"

"माहंच चुकलं," सर हसत म्हणाले. "पन उभा पोचला ना वो, बाई."

प्रिन्सिपलनी शब्द पाळला. पुढच्या हंगामात चार पोरं तयार झाली. सरांनी रुई उचलायला लावली आणि पायथ्याशी, रुईच्या जागेवर, स्वतः काठी घेऊन उभे राहिले. पोरं वरून ओरडायची, "सर, बाजूले व्हा!" सर काठी खाली टाकायचे आणि हात पसरायचे. पुन्हा त्या गुडघ्यावर जाऊन आदळायची कोणाची छाती होती? आठ दिवसांत चौघंही वळून थांबायला शिकली. ती स्पर्धेला गेली. सर गेले नाहीत, गुडघा पहाड चढू देत नव्हता.

त्याच्या पुढच्या वर्षी सर नोकरी सोडून गावी गेले. तिकडेच वारले असं कानावर आलं. तोंड पाहायला मी काही गेले नाही.

पोरं मात्र त्या हंगामातही ढिगावर आली. त्यांना शिकवायला तो किन्हीराजाचाच होता. मी टोपलं घेऊन पाहत होते. एकेक पोरगा सुसाट खाली यायचा आणि पायथ्याच्या दोन हात अलीकडे वळून थांबायचा. समोर अंगण मोकळं होतं. खुशाल पुढे गेला असता तरी चाललं असतं. एकही गेला नाही.