पाटलांची कंबर पुण्याला गेली

आखाडा बाळापूरच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा पुण्याच्या एका साप्ताहिकातल्या शब्दकोड्यानं मला आणि गावातल्या शिंप्याला पार येडं केलं होतं. शिंपी मुसलमान, सगळं गाव त्याला खलिफा म्हणायचं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, पण मी सूत्र वाचलं की मशीन चालवता चालवता तो शब्द सांगायचा. उत्तर डाकेत टाकलं की पुढच्या अंकात ‘पोच’ हे सदर आधी उघडायचं. ‘आखाडा बाळापूर : उत्तर पोचले’ एवढं दिसलं तरी आम्ही दिवसभर खुशीत. बक्षीस कधीच लागलं नाही.

त्या वर्षी पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांनी शेरवानी शिवायला टाकली. पाटलांच्या मिशांना गाव भ्यायचं, पण त्यांना गुदगुल्या फार. टेप काखेशी गेला की लेकरासारखे खिदळायचे, आणि खिदळल्याबद्दल खलिफावरच डाफरायचे. शेवटी एका हातानं त्यांना दाबून धरत खलिफानं मापं घेतली आणि मी ती कागदावर उतरवली. माझं कोड्याचं उत्तरही तिथंच पडलं होतं. डाक निघायची वेळ झालेली. घाईत कागद पाकिटात घातला आणि पळालो.

दोन दिवसांनी खलिफा शाळेत आला.

“मास्तर, ह्या कागदावर नुसत्या चौकटीच दिसून राहिल्या. पाटलांची कंबर कुठं हाय?”

कंबर पुण्याला गेली होती.

“पुन्हा मापं घ्या की.”

“न्हाई बाबा! मागल्या टायमाला लाथ बसली.”

मी साप्ताहिकाला सविस्तर पत्र लिहिलं. आलेली उत्तरं परत मिळणार नाहीत, असा त्यांचा नियम होता. पण संपादक दयाळू निघाले. पुढच्या ‘पोच’ सदरात छापून आलं : ‘आखाडा बाळापूर : उत्तर पोचले. छाती बेचाळीस, कंबर सेहेचाळीस, बाही एकोणतीस. कूपन नसल्याने स्पर्धेत घेता येत नाही. पाटीलसाहेबांस मंगलकार्यानिमित्त शुभेच्छा.’

अंक चावडीवर मोठ्यानं वाचला गेला. पाटील तडक शाळेत.

“मास्तर, माझी कंबर साऱ्या मुलखाला काहून सांगून राहिले?”

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती त्यांनी दोनदा वाचली. “साहेब म्हनलंय व्हय?” म्हणाले, आणि अंक काखेत मारून व्याह्यांना दाखवायला घेऊन गेले.

शिवताना खलिफा कुरकुरला, “बाही लई लांब वाटून राहिली.”

“छापलंय ना? मग बराबर असणार,” मी म्हणालो.

लग्नात पाटलांचे दोन्ही हात बाह्यांत गडप. अक्षता उधळायला गेले की निम्म्या आतच घसरायच्या. मग व्याह्यांना हात जोडून वाकले, तशी दोन्ही बाह्यांतून तांदळाची धार लागली. व्याही गंभीरपणे म्हणाले, “आता पुरे, पाटील. बाकीचे जेवणात वाढा.”

आठवड्यानं नवा अंक आला. ‘मागील एका अंकात बाही एकोणतीस असे छापले गेले. चोवीस वाचावे. तसदीबद्दल क्षमस्व.’

खलिफानं मला ते दोनदा वाचायला लावलं. मग शेरवानी मागवून बाह्या कापल्या, आणि उरलेल्या तुकड्यांची मला एक टोपी शिवून दिली. ती नुसत्या अंदाजानं शिवली होती. घातली की कानांवरून सरळ नाकापर्यंत यायची.