शेंदराची खोळ

बाबुलाल राठोड पहिल्यांदा शेजारी येऊन बसला तेव्हा यज्ञेश्वरपंतांना वाटलं, थिएटरचं छप्परच खाली आलं. सहा फूट उंची, त्यावर तीन फूट फेटा, गुडघे पुढच्या रांगेत, कोपरं मागच्या रांगेत आणि जोड्यांचा वास थेट नेर गावापर्यंत. खुर्ची अशी किंचाळली की पडद्यावरचा घोडासुद्धा बिचकला, असं पंत पुढे शपथेवर सांगत. मग बाबुलालने डोळे मिटले आणि घोरायला लागला. त्या घोरण्यावर कापसाचं एखादं जिनिंग सहज चाललं असतं. दिग्रसमधली निम्मी जिनं २००५ च्या त्या हिवाळ्यात तशीही बंदच होती.

बाबुलाल सिनेमा बघायला आलाच नव्हता. खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती, त्याच्या गाडीचा नंबर दोनशे चौदावा होता आणि तीन दिवस गाडीच्या धुरेवर बसून त्याची कंबर गेली होती. इथे खुर्चीला टेकायला पाठ होती, एवढंच.

पंतही चुकूनच आले होते. कचेरीतून नुकते निवृत्त झालेले हे गृहस्थ पोस्टरवरची दाढी आणि डोक्यामागचं तेजोवलय पाहून धार्मिक चित्रपट समजून आत शिरले. निघाला हिंदीत बोलणारा इंग्रजी रहस्यपट. कुठल्याशा वाळवंटात एक देव सदेह आकाशात गेला, अशी लोकांची श्रद्धा. एक चष्मेवाली प्राध्यापिका डोंगर खणते आणि त्या देवाची कबर शोधून काढते. आत हाडं. कवटीतली एक दाढ किडलेली. देवाची दाढ किडलेली पाहून पंतांनी नकळत स्वतःच्या दाढेवरून जीभ फिरवली. चाळीस वर्षं त्या डोंगरावर दिवा लावणारा म्हातारा पुजारी पिस्तूल घेऊन प्राध्यापिकेच्या मागे लागतो. शेवटी ती त्याच्या हातात हाडांच्या तपासणीच्या निकालाचं पाकीट देते. पुजाऱ्याने पाकीट फोडलं, कागद उलगडला, आणि लोडशेडिंग झालं.

"लाइन सहाला येईल," मॅनेजर दारातून म्हणाला, "पण पिक्चर आज उतरतो. रिळं पुसदला चालली."

बाहेर उन्हात डोळे चोळत उभ्या असलेल्या बाबुलालला पंतांनी गाठलं. "काय हो नाईक, ती हाडं देवाची होती की दुसऱ्या कुणाची?"

"मी कायचा नाईक, बाबूजी. नाईक तं तांड्याचा मुखिया रायते. मी नुसता बाबुलाल. अन् कोनती हाडं? मी तं झोपून राह्यलो होतो."

खरेदी केंद्राच्या कोपऱ्यावर पंतांचा मारुती होता. आजोबांना स्वप्नात दृष्टांत झाला, त्यांनी शेतात खणलं आणि स्वयंभू मारुती वर आला, अशी घरातली कथा. वडिलांनंतर एकतीस वर्षं पंतांनी रोजचा दिवा आणि शनिवारचा तेल-शेंदूर चुकवला नव्हता. यवतमाळला बढतीवर जायचं दोनदा आलं, दोनदा त्यांनी नकार लिहून दिला. "मारुती ब्रह्मचारी आहे," त्यांच्या पत्नी रजनीवहिनी म्हणत, "त्याला संसाराचं काय कळणार? तुम्हाला तरी कळायला हवं होतं." त्या रागावून म्हणत नसत. रागही आता दमून गेला होता.

सिनेमातला पुजारी मात्र पंतांच्या डोक्यातून जाईना. कागदावर काय असेल? त्याहून वाईट म्हणजे, आपल्या शेंदराखाली काय असेल? मारुतीवर शेंदराचे इतके थर चढले होते की त्याचा भोपळा झाला होता. वर दोन चांदीचे डोळे होते, म्हणून पुढची बाजू कळायची. दिवाळीपासून शेंदराच्या त्या खोळीला भेग गेली होती. अशी खोळ आपोआप गळू द्यायची असते, हात लावायचा नसतो, हे पंतांना पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन निघाले.

"उलथनं कुठे नेताय?" रजनीवहिनींनी विचारलं.

"देवळात."

"थालीपीठ खातो का आता मारुती?"

पंतांनी आधी डोळे काढून वाटीत ठेवले. मग भेगेत उलथनं घातलं. खोळ हलली, पण पंतांना एकट्याने उचलण्यासारखी नव्हती. नळावर पाणी भरायला आलेल्या बाबुलालला त्यांनी हाक मारली. त्याने जोडे काढले, फेटा नीट केला आणि एका दमात खोळ उचलून बाजूला ठेवली.

आत एक काळा दगड होता. हातभर लांब, मधोमध खाच. नाक नाही, शेपूट नाही, गदा नाही.

बाबुलाल उकिडवा बसला. खाचेतून त्याने बोट फिरवलं. "बाबूजी, हा तं आमचा हाये."

"तुमचा म्हणजे?"

"लदेणीचा. आमी बंजारा लोक. माहा आजा सांगे. बैलाच्या पाठीवर मिठाच्या दोन गोण्या लादाच्या अन् गावोगाव हिंडाचं. एका अंगानं मीठ कमी भरलं तं तिकडं दगड बांधाचा, वजन सारखं कराले. हे पाहा, दोरीची खाच."

"आणि मग?"

"मंग काय. मीठ इकलं का दगड देला फेकून. बैलाले कायले तरास?"

पंत पायरीवर बसले. वाटीतले दोन डोळे छताकडे बघत होते.

"नाराज काहून झाले?" बाबुलाल म्हणाला.

"दोन बढत्या सोडल्या मी याच्यासाठी."

बाबुलालने यावर बराच विचार केला. "मले तं एकबी कोनं देल्ली नाही," तो म्हणाला. मग दगडाकडे पाहून, "शेंदूर हाये का?"

"आहे."

"लावा मंग. उघडाच बसला हाये तो."

पंतांना पटलं होतं असं नाही. पण आंघोळ करणाऱ्याचा कुणीतरी टॉवेल पळवावा तसा तो दगड समोर बसला होता, आणि पुढे काय करायचं ते दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांनी तेलात शेंदूर कालवला. बाबुलालने दगड धरला. डोळे जुन्या भोपळ्याच्या मापाचे, दगड अरुंद. एक डोळा जरा बाजूला बसला आणि मारुती गाड्यांच्या रांगेकडे बघू लागला.

"तिकडंच पाहू द्या त्याले," बाबुलाल म्हणाला. "आमचा नंबर तरी लागंन."

सोमवारी नंबर लागला. बाबुलाल गाडी रिकामी करून तांड्याला गेला, पुन्हा भेटला नाही. खोळ पंतांनी धरणात सोडली आणि घरी फक्त उलथनं घासून परत दिलं. दिवा चालू राहिला. शनिवारी शेंदूर लावताना त्यांचं बोट खाचेपाशी थांबायचं, मग पुढे जायचं. दोन वर्षांनी सलीलने, त्यांच्या मुलाने, पुण्याहून त्या सिनेमाची सीडी आणली, तेव्हा शेवट बघायला ते बसलेच नाहीत. दिवा लावायची वेळ झाली होती.

२००९ मध्ये त्यांचे गुडघे गेले. देवळाला पाच पायऱ्या होत्या. तेव्हा कुठे पंतांचा दिवा चुकला.