शनिवारी न सरकवलेली कार्डं

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा तो पडदा अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्यावर पाच रकाने होते: चौकशी, भेट, कोटेशन, बोलणी, ऑर्डर. आम्ही तिकडे हिंदी मुलखात, सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांना भट्टीला आतून लावायच्या विटा विकत असू. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड, त्यावर विक्री करणाऱ्याचं नाव. काम पुढे गेलं की कार्ड पुढच्या रकान्यात सरकवायचं. पंधरा दिवस हललं नाही तर ते लाल व्हायचं. मालक कारखान्यांत फारसे जात नसत. ते पडदा पाहत.

माझा सहकारी माझ्याच वयाचा, मूळचा अकोल्याकडचा. भट्टी बंद असताना आत डोकावून वीट अजून किती महिने टिकेल ते तो सांगायचा आणि ते खरं निघायचं. कॉम्प्युटरशी मात्र त्याचं जमलं नाही. त्याची एक निळी डायरी होती. मालकांनी सगळ्यांची कार्डं हलवायची मुभा मला दिली होती, म्हणून दर शनिवारी गोल बाजारातल्या चहाच्या टपरीवर तो डायरी वाचायचा आणि मी फोनवर तोच पडदा उघडून त्याची कार्डं सरकवायचो.

"शिकून का घेत नाहीस रे?" मी एकदा म्हटलं.

"तू हायेस ना. मंग मी तुले चहा काय फुकटचा पाजून राहिलो का?"

एक दिवस मालकांनी मला एकट्याला बोलावलं. या भागाला दोन माणसं जास्त होतात, म्हणाले. तीन महिन्यांनी पडदा पाहून एकाला ठेवू. त्याला सांगू नका, असं ते म्हणाले नव्हते. मीच सांगितलं नाही. मुलीचं लग्न ठरलं होतं, हे कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस देत आलो. खरं एवढंच की घरी बसायची मला भीती वाटत होती.

शनिवार चालूच राहिले. तो वाचायचा, मी मान हलवायचो, माझा अंगठा फोनवर फिरायचा. पण मी पडदा नुसता वर-खाली करत होतो. एकही कार्ड हलवत नव्हतो.

"हे पाय, मोठ्या कारखान्याचा खरेदीवाला साहेब तयार झाला. बोलणीत टाक," तो एका शनिवारी म्हणाला. त्या साहेबासाठी तो अख्खा उन्हाळा खेपा घालत होता.

"टाकलं," मी म्हणालो. त्या दिवशी ते कार्ड खरंच सरकलं. फक्त आधी मी त्यावरचं त्याचं नाव काढून माझं घातलं.

तीन महिन्यांनी बैठक झाली. भिंतीवर तोच पडदा मोठा करून दाखवला होता आणि त्याची सगळी कार्डं लाल होती.

"भैया, तीन महीने से आप कर क्या रहे थे?" मालकांनी विचारलं.

त्यानं डायरी उघडून तारखा वाचायला सुरुवात केली. मालकांची नजर भिंतीवरून हलली नाही. मग तो माझ्याकडे वळला. "तू सांग ना यायले."

"मला जेवढं सांगितलं तेवढं मी टाकलं," मी म्हणालो.

त्यानं डायरी मिटली. महिना संपला तसा तो गेला. त्यानं मला कधी काही विचारलं नाही. मोठ्या कारखान्याची ऑर्डर आली तेव्हा ऑफिसात माझ्या नावानं पेढे वाटले.

या हिवाळ्यात तो वारला. तेराव्याला गेलो आणि त्याच्या मुलीला बाजूला बोलावून सगळं सांगितलं. तिला मराठी समजते, पण ती बोलते हिंदीत.

"पापा तो कहते थे गलती उन्हीं की थी," ती म्हणाली. "कहते थे, शनिवार को मैं ही ठीक से बता नहीं पाया."

मग मला आठवलं. शेवटच्या काही शनिवारी तो फार सावकाश वाचायला लागला होता. एकेक कारखान्याचं नाव दोनदा घ्यायचा, मी मान हलवेपर्यंत थांबायचा. बहुतेक त्याला आपली कार्डं लाल झाल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं, आणि चूक आपल्याच सांगण्यात असावी असं वाटलं होतं.

"तो पापा ने ठीक से बताया था?" तिनं विचारलं.

"हो बेटा. एकही सुटलं नव्हतं."

आतल्या खोलीत तिची आई बसली होती. निष्काळजीपणानं नोकरी घालवली, असं ती त्याला शेवटपर्यंत बोलत राहिली होती, हे मुलीनंच सांगितलं. मुलगी उठली, निळी डायरी आणून तिनं माझ्या हातात दिली.

"मम्मी को लिख के दीजिए, अंकल. सब."

म्हणून हे लिहितो आहे, वहिनी. डायरी समोर उघडी आहे. मालकांनी मला बोलावल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी त्यानं मला चार कारखाने सांगितले होते. दोन भेटीतून कोटेशनमध्ये जायचे होते, एक बोलणीत. चौथ्याची ऑर्डर आली होती.