सहा महिने ठीक राहायचं

"हा दिसला, भाऊ. बांधू?"

बाई विचारायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत बांधून मोकळ्या व्हायच्या. पंडरीच्या कापड बाजारातल्या माझ्या दुकानात मागच्या खिडकीशी एक लांब टेबल आहे. त्यावर कापडाचं थान, म्हणजे अख्खा ताका, उलगडत न्यायचं, डाव्या तळहातावरून कापड सरकू द्यायचं, आणि जिथे तार तुटलेली किंवा डाग दिसला तिथे काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची, हे त्यांचं काम. जितके दोरे तितकी मालात खोट, आणि तितकी गिऱ्हाइकाला सूट.

तुम्ही व्यापारी नसाल तर म्हणाल, चांगलंच आहे की. व्यापारी असाल तर माझं दुःख तुम्हाला कळेल. ही सूट माझ्या खिशातून जाते. माल दाखवण्याआधी दोरे कापून टाकणारे बाजारात पुष्कळ आहेत. मीही कापत होतो. सायकलच्या मागे गठ्ठा बांधून आठवडी बाजारांत कापड विकत इथवर आलेला माणूस आहे मी. मला कोणी काही फुकट दिलं नाही, आणि मीही कोणाला देत नाही.

एकदा धमतरीचा एक व्यापारी समोर बसला होता. शर्टिंगचा सौदा जमतच आला होता. मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, थांबा. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि त्याच्या देखत दोरा बांधला. तो गेल्यावर मी इतका ओरडलो की शेजारच्या दुकानातले लोक बघायला आले. बाई रीळ गुंडाळत म्हणाल्या, "ओरडून घ्या. पण तो आता आपलं थान उघडून पाहणार नाही, भाऊ. कधीच."

तसंच झालं. तो पुढे नुसत्या फोनवर माल मागवायला लागला. बाईंना मात्र मी हे कधी बोलून दाखवलं नाही. त्यांचा भाव वाढला असता.

स्वतःचा दोरा त्यांनी पहिल्याच दिवशी बांधला होता. कामाला आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मले सिकलसेल आहे. रक्ताची, जन्माची बिमारी आहे. मधेमधे एखाद दिवस नाही येणार. जमत असन त ठेवा." नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. गुढियारीतल्या दोन खोल्यांत त्यांनी एका मुलीला वाढवलं, शिकवलं.

थंडी पडली की त्या टेबलाशी बसूनच काम करायच्या. "आज हाडं बोलून राहिले, भाऊ." मी गरम पाण्याची पिशवी भरून आणायला सांगायचो आणि वर म्हणायचो, "त्यांना सांगा, लग्नाच्या सीझनमध्ये गप बसायचं."

"सांगते ना. पण तेही तुमच्यासारखेच आहेत. कोणाचं ऐकत नाहीत."

मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली. तिला दिवस गेले तेव्हा तिने आईला नाही, मला फोन केला. पोट्टीला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. "काका, मम्मी को भेज दो ना. यहाँ मेरा कोई नहीं है." आईला तिथे बरेच महिने राहू द्यायचं तर आधी आरोग्य विमा दाखवावा लागत होता. त्याशिवाय तसा व्हिसा नाही.

"मी बघतो," मी म्हणालो. मी बघतो म्हटलेलं काम अडलं, असं तोवर झालं नव्हतं.

शंकर नगरात विम्याचं काम करणारा एक तरुण आहे, आपल्याच मराठी घरातला, पण तोही बोलतो हिंदीत. बाईंना घेऊन त्याच्याकडे गेलो. भाव करायची माझी एक रीत आहे. आधी समोरच्याच्या मालात खोट काढायची, मग नको म्हणून उठायचं, मग पुन्हा बसायचं. इथे सगळं उलटं निघालं. खोट तो काढत होता, आणि माल आमच्या बाई होत्या. वय? रक्त कधी चढवलं? दवाखान्यात शेवटचं भरती कधी झालात?

मी मराठीत हळूच म्हणालो, "बिमारीचं लिहू नको ना बाबा."

बाई म्हणाल्या, "लिहा. तिथे दुखलं आणि खोटं निघालं त पोट्टीचं घर विकल्या जाईन."

त्याने लिहिलं, आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "अंकल, इस बीमारी में ज़्यादातर कंपनियाँ मना कर देती हैं. एक है, पर उसकी शर्त है. जाने से पहले पूरे छह महीने बीमारी ठहरी रहनी चाहिए. ना भर्ती, ना दवाई में बदलाव."

"चार महिने कर."

"अंकल, यहाँ मोल-भाव नहीं होता."

"वरून थोडे जास्त घे."

"मैं तय नहीं करता, अंकल."

"मग कोण करते? त्याले बोलव."

त्याने मला एक नंबर दिला. मी तिथल्या तिथे लावला. एका बाईचा गोड आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिला. मी तिच्यावर ओरडलो. ती तितक्याच गोडीने पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला भाव करायला समोर माणूसच सापडला नाही.

बाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "सहा महिने ना? बाळ व्हायलेही तितकेच आहेत. राहते मी ठीक."

आणि त्या राहिल्या. थंडी आली, तरी हाडं बोलली नाहीत. गरम पाण्याची पिशवी खिळ्याला तशीच लटकलेली. मला वाटलं, मुलीच्या ओढीने बाईंना खरंच बरं वाटायला लागलं. मी खूश होतो.

मग एक दिवस धमतरीचा तोच व्यापारी थान घेऊन स्वतः दुकानात आला. त्याने ते माझ्यासमोर पसरलं. मधोमध लांबलचक तुटलेली तार, आणि काठाला दोरा नाही. तो गेल्यावर मी बाईंकडे वळलो. "डोळे कुठे होते तुमचे?"

"दिसला होता, भाऊ."

"मग बांधला काहून नाही?"

त्यांनी कापडाखाली लपवलेला हात वर काढला. बोटं सुजून जाड झाली होती. मिटत नव्हती. "गाठ बसून नाही राहिली."

मी गाडीची किल्ली उचलली. "चला दवाखान्यात."

"नाही. गेलं की कागदावर येते. आता थोडेच दिवस राहिले."

"अहो, पण दुखून राहिलं ना तुम्हाला?"

"विमावाले डॉक्टरकडे गेल्या होत्या का, हे विचारतात. दुखलं होतं का, हे कुठे विचारतात?"

जन्मात कधी सौदा न केलेली बाई सौदा करायला बसली होती, आणि तोही असा. मी किल्ली परत टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशीच खाली बसल्या. श्वास लागला होता, ओठ पांढरे पडले होते. तरी मान नाही नाही म्हणत होती. मी विचारलं नाही. उचललं आणि नेलं. भरती झाली, रक्त चढलं, रोजच्या कॅप्सूलचा डोसही वाढवला. डॉक्टर मला म्हणाला, अजून एक दिवस काढला असता तर कठीण होतं.

शुद्धीवर आल्या तेव्हा मी समोर होतो. त्यांनी एकच विचारलं. "कागदावर आलं?"

"आलं."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तेव्हापासून मी रागात आहे. कोणावर, ते तुम्हीच सांगा. मी माणसाचा जीव वाचवला, आणि मला असं पाहिलं जातं जसं मी दोरा कापून माल विकला. पुन्हा तोच प्रसंग आला तर मी पुन्हा उचलेन. मागे हटणार नाही.

नात झाली. बाईंनी ती फोनवर पाहिली. मुलगी म्हणते, "मम्मी, अगली गर्मी में आ जाना." सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले आहेत.

बाई दुकानात येत नाहीत. मी निरोप धाडला तर उत्तर आलं, "तिथे आली तर भाऊ मले दवाखान्यात नेतील." टेबलावर आता दुसरं कोणी बसत नाही, त्यावर रिकाम्या गोण्या पडल्या आहेत. गिऱ्हाईक पुन्हा एकेक थान उलगडून बघायला लागलं आहे. धमतरीवालाही खिडकीच्या उजेडात नेऊन बघतो.

मागच्या रविवारी मी गुढियारीत गेलो. पिशवीत संत्री होती. दार आतून बंद.

"बाई, मी आहे. कशा आहात?"

"ठीक आहे, भाऊ."

"हाडं काय म्हणतात?"

"गप आहेत."

"दार तर उघडा."

पंडरीत मी फोनवरच्या नुसत्या आवाजावरून सांगतो, समोरचा भावात अजून किती खाली उतरेल. मी दाराला कान लावून उभा राहिलो. आत काहीतरी धरून उठल्याचा आवाज झाला, भांडं पडलं, आणि बाई पुन्हा बसल्या.

"बिल्कुल ठीक आहे मी," त्या आतूनच म्हणाल्या. "जा तुम्ही, भाऊ."