सहा आकड्यांची गंमत

लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही नवरा-बायको फारसं बोलतच नव्हतो. त्या हंगामात विलायतेला कापूस जात होता. वलगावहून आमची कापसाची बैलगाडी अमरावतीला पोचली, तेव्हा बाजाराबाहेर गाड्यांची लांब रांग होती. वेळ जाईना म्हणून यांनी कोळशानं गाडीच्या फळीवर १४२८५७ लिहिलं.

"याले दोनानं गुण."

पाढे मला वडिलांनी शिकवले होते. उत्तर आलं २८५७१४. आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या. तिनापासून सहापर्यंत तसंच झालं. मला हसू आलं.

"अन् सातानं?"

"ते मी कधी केलं नाही."

मग मीच केलं. सहाच्या सहा नऊ आले. हे फळीकडे पाहतच राहिले.

"तुले कोणं शिकवलं?"

रांग सरेपर्यंत मी वडिलांबद्दल बोलत होते, आणि हे ऐकत होते.